गॅस पास झाला

भेटीची वेळ अजून व्हायची होती, पण तळमजल्यावरच्या नातेवाइकांच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बाकांवर माणसं, बाकांखाली पिशव्या, खिडकीच्या कठड्यावर थर्मास, आणि सगळ्यांचे डोळे समोरच्या भिंतीवर खिळलेले. भिंत म्हणाल तर रुग्णालयातल्या बाकीच्या भिंतींसारखीच, कमरेपर्यंत हिरवी आणि वर पांढरी. फरक एवढाच की मधोमध एक जांभळी चादर टांगली होती, आणि त्या चादरीला डावा कान चिकटवून, डोळे मिटून भिंतबाबा ध्यानाला बसले होते. ध्यान चालू असताना हॉलमध्ये शिंकायचीसुद्धा बंदी होती. एका आजोबांना उचकी लागली, तर त्यांच्या सुनेनं त्यांना हाताला धरून बाहेर व्हरांड्यात नेऊन उभं केलं.

ध्यान संपलं. बाबांनी एक डोळा उघडला, मग दुसरा.

"कॉट नंबर?"

पुढच्या बाईनं हात जोडले. कॉट नंबर नऊ, म्हणाली, माझे मिस्टर आहेत, त्यांना परवापासून—

"बस." बाबांनी पंजा वर केला. "नाव नको, गाव नको, आजार नको. फक्त कॉट नंबर. भिंतीला नावं लक्षात राहत नाहीत."

मग बाबांनी पुन्हा कान लावला आणि 'हं', 'अरेरे', 'असं होय' असं फोनवर बोलल्यासारखं केलं. भिंतीचा निरोप मिळाला. मिस्टरांनी सकाळी नाश्त्याला हात लावला नव्हता, पाणी प्यायले तेही उलटून पडलं होतं, आणि डाव्या हातावरची सुईची जागा सुजली म्हणून सुई आता उजव्या हाताला लावली होती. भेटीची घंटा झाल्यावर बाई धावत वर गेली आणि खाली आली ती डोळ्यांना पदर लावूनच. सुई उजव्या हाताला होती.

यावर काय बोलणार? हॉलमधली माणसं वेडी व्हायचीच बाकी होती. सकाळी वॉर्डात घडलेली गोष्ट दुपारी बाबांना तळमजल्यावर बसल्या जागी कळायची. भिंतीचा रंग खरवडून केलेली पुडी बाबा फुकट द्यायचे, फक्त भिंतीपुढे काहीतरी ठेवल्याशिवाय ती लागू पडत नसे. भिंतीपुढे फळं यायची, ब्लँकेटं यायची, एकानं तर टेबलफॅन ठेवला. भिंतीला उकडत असेल, असं त्याचं म्हणणं होतं. थोडक्यात, बाबा लोकांना चुना लावत होते, आणि तोही अगदी खराखुरा.

या हॉलच्या बरोब्बर डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, पोटाच्या ऑपरेशनच्या पेशंटांचा वॉर्ड होता. तिथल्या इनचार्ज सिस्टरना सगळे पाठीमागे 'कर्फ्यू' म्हणत. त्या वॉर्डात शिरल्या की बडबड, रेडिओ, पिशव्यांची खसखस, सगळं बंद पडायचं. उरायचा तो एकच आवाज, त्यांचा स्वतःचा. आणि तो असा होता की वॉर्डाच्या या टोकाला त्यांनी 'इंजेक्शन' म्हटलं, तर त्या टोकाचा पेशंट बाही वर करून बसायचा.

माणूस मात्र सोन्यासारखा. पेशंटची अब्रू त्या स्वतःच्या अब्रूसारखी जपत. एका पेशंटच्या उशाशी उभं राहून दुसऱ्याच्या पोटातलं बोललेलं त्यांना खपत नसे. म्हणून त्यांनी वॉर्डाला नियमच घालून दिला होता. दुपारी पाळी बदलताना जाणाऱ्या आणि येणाऱ्या सगळ्या सिस्टरांनी मागच्या कपड्यांच्या खोलीत यायचं, दार आतून लावायचं, आणि कुणाचंही नाव न घेता नुसत्या कॉट नंबरनं रिपोर्ट द्यायचा. या नियमाचा कर्फ्यू सिस्टरना फार अभिमान होता. दुसऱ्या वॉर्डातून कुणी पाहायला आलं की त्या कपड्यांची खोली दाखवत, घरात नवं कपाट आल्यावर दाखवावं तशी.

त्यामुळे बाबांची कीर्ती वर येऊन पोचली तेव्हा त्यांचं डोकंच फिरलं. त्यांच्या हिशेबी चमत्कार वगैरे काही नव्हतं, वॉर्डातलंच कुणीतरी खाली जाऊन पचकत होतं. त्यांनी एकेकीला समोर बसवून विचारलं. सगळ्यांत जास्त झाडलं ते नव्या सिस्टरला, कारण तिची जीभ टाळ्याला लागत नसे आणि तिचं नावच मुळी 'रेडिओ' पडलं होतं. बिचारी रडकुंडीला आली.

"सिस्टर, मी बोलते खूप, पण पेशंटचं बोलत नाही हो," ती म्हणाली. "आणि खरं सांगू? मला वाटतं बाबांना खरंच काहीतरी दिसतं. रविवारी त्यांची भिंत मौन पाळते. ढोंगी असते तर त्यांनी रविवार कशाला सोडला असता? रविवारी तर जास्त गर्दी."

हे ऐकून कर्फ्यू सिस्टरनी कपाळावर हात मारला. शिकलेल्या पोरी अशा बोलायला लागल्या तर खालच्यांना काय बोल लावायचा, असं त्या दिवसभर पुटपुटत होत्या. रविवारी आपली सुट्टी असते, एवढी साधी गोष्ट त्यांच्या मनाला शिवलीसुद्धा नाही.

त्यातच वॉर्डात स्टुलं यायला लागली. एका सकाळी दारापाशी कोरं करकरीत लाकडी स्टूल, दुसऱ्या दिवशी निळ्या रंगाचं, मग एक गादी शिवलेलं. आणणारे ठेवून हात जोडून निघून जायचे. कुणीतरी दानशूर मंडळी दिसतात, म्हणून सिस्टरनी ती पेशंटांच्या भेटीला येणाऱ्यांसाठी लावून टाकली आणि तो विषय सोडून दिला.

इथवर सगळी गंमतच होती. गंमत संपली ती बेकरीवाल्या मावशींपाशी.

मावशी म्हणजे वॉर्डाचा जीव. भट्टीनं भाजलेले दणकट हात, सात कॉटपलीकडे ऐकू जाणारं हसू, आणि उशीखाली स्वतःच्या बेकरीतली बिस्किटं. स्वतःला खायची बंदी, म्हणून त्या दुसऱ्यांना वाटत. त्यांच्या आतड्यात गाठ होती. आता काढली तर बाई पुन्हा भट्टीपुढे उभी राहणार, आणि राहू दिली तर आतडं अडून बंद पडणार, हे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. ऑपरेशनचा दिवस ठरला होता. मावशी सगळ्यांदेखत हसत होत्या. पण एका सकाळी रक्त काढताना त्यांनी कर्फ्यू सिस्टरांचा हात धरला आणि हळूच सांगितलं की वर्षभर शौचातून रक्त जात होतं, ते त्यांनी अंगावर काढलं होतं. मुलालाही कळू दिलं नव्हतं. कारण त्यांची आई अशाच दुखण्यात ऑपरेशनच्या टेबलावरून परत आली नव्हती.

"हे मला, तुम्हाला आणि देवाला ठाऊक," मावशी म्हणाल्या. "कुणाला सांगणार नाही ना?"

"नाही हो. काळजी करू नका," सिस्टर म्हणाल्या, जसं आपण सगळेच म्हणतो तसं.

आणि दुपारी कपड्यांच्या खोलीत त्यांनी ते पुढच्या पाळीला सांगितलं. सांगायलाच हवं होतं. बाई मनातून घाबरलेली आहे, तिच्याशी सांभाळून बोला, भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही कळवा, एवढाच त्यात हेतू होता. यात काही चुकलं असं त्यांना वाटलं नाही.

त्याच दुपारी मावशींचा मुलगा धापा टाकत वर आला. बाबांनी त्याला हॉलभर माणसांत सांगितलं होतं की तुझ्या आईनं वर्षभर रक्त लपवलं, तिची आई टेबलावर गेली, आणि भिंत म्हणते की चिरफाड केलीत तर हीसुद्धा जाईल. पुडी द्या, घरी न्या. मुलगा रडत होता, मावशी मात्र एकदम शांत झाल्या होत्या. त्यांनी सिस्टरना जवळ बोलावलं आणि सांगितलं की मी उद्या घरी जाते, तुमचा राग नाही.

कर्फ्यू सिस्टरनी समजूत घालायचा प्रयत्न केला. बाबा भोंदू आहे म्हणाल्या, कुठूनतरी ऐकलं असेल म्हणाल्या.

"कुठून ऐकेल?" मावशींनी विचारलं. "मी जन्मात एकाच माणसाला सांगितलं, ते म्हणजे तुम्ही. आणि तुम्ही कुणाला सांगणार नाही म्हणालात. तुमच्यासारखी बाई खोटं बोलणार नाही, हे मला पक्कं माहितीय. मग बाबांना देवानंच सांगितलं ना?"

 सिस्टर तडक औषधांच्या कपाटापाशी जाऊन उगाच बाटल्या मोजत राहिल्या. मावशींचा त्यांच्यावर जितका विश्वास, तितके बाबा खरे ठरत होते. चमत्काराचा सगळा डोलारा सिस्टरांच्या खरेपणावर उभा होता, आणि तो खरेपणा, खरं सांगायचं तर, दुपारी दार लावून खर्च झाला होता. आपण सांगितलं हे कबूल करावं, तर मावशींचा उरलासुरला आधार जाणार. गप्प बसावं, तर मावशीच जाणार. सिस्टरना इतकं वाईट वाटलं की त्यांना बाटल्यांवरची नावं दिसेनात.

तेवढ्यात जावई आले.

हे जावई म्हणजे आतड्याचंच ऑपरेशन झालेल्या ड्रॉइंगच्या मास्तरांचे. हातात कागदांची पिशवी, चेहरा घामानं डबडबलेला. सासऱ्यांची एक सही हवी होती, म्हणाले.

"कशासाठी?" सिस्टरनी विचारलं.

"गॅससाठी. सासऱ्यांचा गॅस अजून पास झालेला नाही."

सिस्टरनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. जावई सांगू लागले. कालच बाबांनी भिंतीला कान लावून सांगितलं होतं की कॉट नंबर पाचचा गॅस पास झालेला नाही, संध्याकाळपर्यंत पास झाला नाही तर वरच्या साहेबांना कळवावं लागेल. जावईबापू आज सकाळपासून गॅस एजन्सीत रांगेला उभे होते. तिथला माणूस म्हणे, या नावाचा अर्जच आमच्याकडे नाही. वरचे साहेब कुठे आहेत, असं यांनी विचारलं, तर तो म्हणाला, साहेब रजेवर. मग यांनी नवा अर्ज भरायचं ठरवलं.

"घरी गॅस आहे तसा," जावई कानकोंडे होऊन म्हणाले. "पण बाबा म्हणताहेत, तर दुसरा घेऊन ठेवतो."

आता पोटाचं ऑपरेशन ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. झोपी गेलेलं आतडं पुन्हा कामाला लागलं की पोटातला वारा खालून सुटतो. त्याला सिस्टर लोक 'गॅस पास झाला' म्हणतात, आणि अख्खा वॉर्ड त्या एका वाऱ्याची वाट पाहत असतो. तो सुटेपर्यंत पेशंटला चहाचा घोटही मिळत नाही.

कर्फ्यू सिस्टरना हसू आवरेना. त्यांनी रुमाल तोंडात कोंबला, भिंतीकडे तोंड केलं, तरी खांदे गदागदा हलत होते. कशीबशी त्यांनी जावयांना खूण केली की गॅस सकाळीच पास झालाय, अर्ज नको. "बाबांची कृपा," जावई हात जोडून म्हणाले आणि निघाले. त्यांच्या वाटेत निळं स्टूल आलं. ते पाहून सिस्टरांचं हसणं जागच्या जागी थांबलं.

कॉट नंबर चौदाचं स्टूल पाठवायचं राहिलंय. हे त्यांनी स्वतः म्हटलं होतं, गेल्या आठवड्यात. शौचाचा नमुना तपासणीला पाठवायचा राहिला होता, आणि वॉर्डात त्याला कुणी शौच म्हणत नाही, स्टूल म्हणतात. बाबांनी ते जसंच्या तसं खाली पोचवलं, आणि चौदा नंबरच्या भाबड्या नातेवाइकांनी बिचाऱ्यांनी सुताराकडून स्टूल आणून पाठवून दिलं. बाकीची स्टुलंही अशीच आली असणार.

म्हणजे बाबांना देव सांगत नव्हता. देवाला निदान स्टूल म्हणजे काय ते कळलं असतं. बाबांना शब्द ऐकू येत होते, अर्थ कळत नव्हता. आणि शब्द कुणाचे? 'संध्याकाळपर्यंत झाला नाही तर वरच्या साहेबांना कळवा', हे वाक्य अक्षरशः कर्फ्यू सिस्टरांचं होतं, आणि ते त्यांनी जगात एकाच ठिकाणी उच्चारलं होतं.

त्यांनी रेडिओला हाक मारली आणि दोघी कपड्यांच्या खोलीत शिरल्या. दार लावलं. चारी बाजूंना चादरींची, गाउनांची, ब्लँकेटांची फडताळं. खिडकी नाही, झरोका नाही, फट नाही. सिस्टर मधोमध उभ्या राहून गोल फिरल्या आणि ब्लँकेटांच्या फडताळापाशी थांबल्या.

"घसरगुंडी," त्या म्हणाल्या.

फार पूर्वी धुलाईघर खाली होतं तेव्हा मळक्या चादरी हातानं वाहून न्याव्या लागू नयेत म्हणून भिंतीतून एक पत्र्याचं मोठं नळकांडं खाली सोडलेलं होतं. वरून गाठोडं टाकलं की घसरत थेट धुलाईघरात. सगळ्या सिस्टर त्याला घसरगुंडी म्हणत. पुढे धुलाईचं काम बाहेर गेलं, खालच्या खोलीचा नातेवाइकांसाठी हॉल झाला, आणि घसरगुंडीच्या तोंडावर कुणीतरी फडताळ सरकवून दिलं. दोघींनी मिळून ते ओढलं. मागे पत्र्याचं झाकण होतं, त्याची कडी कधीच गंजून पडली होती. सिस्टरनी झाकण उघडून आत डोकं घातलं.

खालून, जणू विहिरीतून, आवाज आला. "कॉट नंबर? नाव नको, गाव नको."

रेडिओनं आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता नुसता आ वासला. सिस्टर डोकं बाहेर काढून तिथेच ब्लँकेटांवर बसल्या. आधी हसल्या, मग त्यांचा चेहरा उतरला. पेशंटची अब्रू राखायला त्यांनी खोली निवडली, दार लावलं, नावं गाळली. आणि आपल्या त्या भल्यामोठ्या आवाजात सगळ्यांची गुपितं रोज दुपारी नळकांड्यातून एका भोंदूच्या कानात ओतली. कॉट नंबरासकट.

रेडिओचं म्हणणं पडलं की आत्ताच खाली जाऊन बाबांची गचांडी धरावी. पण सिस्टर मान हलवत होत्या. नुसतं नळकांडं दाखवलं तर बाबा म्हणतील, भिंतीचा घसा सापडला, आणि लोक घशाला हार घालतील. लोकांना स्वतःच्या कानांनी ऐकू द्यायला हवं होतं. फक्त एक अट, खऱ्या पेशंटचा एक शब्दही त्यात वापरायचा नाही. पुरे झालं तेवढं.

"मग कुणाचा आजार सांगायचा?" रेडिओनं विचारलं.

त्याच वेळी बाहेरून घरघर ऐकू आली. वॉर्डातला औषधांचा फ्रिज इतका जुना होता की सगळे त्याला आदरानं 'थोरले' म्हणत. तो दुरुस्त करायला वायरमनदादा सकाळपासून त्याच्यापुढे मांडी घालून बसले होते. सिस्टरनी रेडिओकडे पाहिलं, रेडिओनं सिस्टरांकडे, आणि दोघी पुन्हा रुमालात तोंड खुपसून हसायला लागल्या.

पण त्याआधी एक काम होतं, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. सिस्टर मावशींच्या कॉटपाशी स्टूल ओढून बसल्या. त्यांनी एका दमात सांगून टाकलं की बाबांना देवानं सांगितलं नाही, मीच सांगितलं. पुढच्या पाळीच्या सिस्टरांना तुमची काळजी घेता यावी म्हणून सांगितलं, पण सांगितलं, आणि ते खाली ऐकू गेलं.

मावशींचं हसू मावळलं. 

"म्हणजे तुम्ही मला खोटं सांगितलंत," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग आता हे तरी खरं कशावरून? मला टेबलावर घ्यायचं म्हणून बाबांवर आळ घेत नसाल कशावरून?"

"कशावरूनच नाही," सिस्टर म्हणाल्या. "माझ्यावरही विश्वास ठेवू नका, बाबांवरही नको. उद्या दुपारी घरी जायच्या आधी माझ्याबरोबर खाली चला आणि स्वतःच्या कानांनी ऐका. मग घरी जायचं की टेबलावर, ते तुम्ही ठरवा."

दुसऱ्या दिवशी पाळी बदलायच्या वेळी कपड्यांच्या खोलीत न भूतो असा रिपोर्ट झाला. दार लावलं होतं, फडताळ बाजूला होतं, आणि झाकणापुढे उभं राहून कर्फ्यू सिस्टर आपल्या नेहमीच्या आवाजात सांगत होत्या. जादा कॉट. वय झालेलं, नाव सगळे आदरानं घेतात. घरघर चालू आहे. अंग थंडगार. खालून सारखं पाणी जातंय, पुसून पुसून हात दुखले. मध्येच थरथर सुटते आणि सगळं अंग गदगदा हलतं. तोंड उघडलं तर नीट मिटत नाही, दाबून धरावं लागतं. समोर उभ्या सिस्टरांपैकी एकीनं हातमोजा तोंडात घातला होता, एक चादरींच्या ढिगाऱ्यात तोंड लपवून बसली होती.

मग सिस्टर मावशींना चाकांच्या खुर्चीत बसवून लिफ्टनं खाली घेऊन गेल्या. मुलगा खुर्ची ढकलत होता. हॉलमध्ये बाबांचं ध्यान नुकतंच संपलं होतं. आज भिंत फार बोलली, असं बाबा समोरच्यांना सांगत होते.

वायरमनदादा गर्दीतून पुढे झाले. हात जोडले, चेहरा पाडला, आवाज कापरा केला. माणूस वायर जोडण्यापेक्षा नाटकात शोभला असता.

"बाबा, जादा कॉट."

"हं." बाबांनी कान लावला. चेहऱ्यावर कारुण्य दाटून आलं. "अरेरे. थोर माणूस आहे. घरघर लागलीय ना?"

"लागलीय बाबा."

"अंग थंड पडलंय."

"बर्फासारखं."

"खालून पाणी जातंय. तोंड उघडं राहतं, मिटत नाही." हॉलमध्ये हळहळ पसरली. एका बाईनं वायरमनदादांच्या पाठीवर हात ठेवला. "भिंत म्हणते, डॉक्टरांच्या हाती देऊ नका. ही पुडी घ्या. थोड्या पाण्यातून पाजा, रात्रीतून अंगात ऊब येईल."

वायरमनदादांनी पुडी कपाळाला लावली. "पाजतो बाबा. पण कुठून पाजू? प्लगमधून की बर्फाच्या ट्रेमधून?"

"काय?"

"आमचे थोरले म्हणजे वॉर्डातला फ्रिज आहे. आणि अंगात ऊब नका हो आणू, आतली सगळी औषधं खराब होतील."

 मग कोपऱ्यातून कुणाचं तरी हसू फुटलं आणि एका बाकावरून दुसऱ्या बाकावर पसरत गेलं. बाबा मात्र कसलेले. ते ताडकन ताठ बसले आणि गरजले की यंत्रातही जीव असतो, भिंतीला सगळ्यांचीच कणव येते. दोन-चार भाविक माना डोलवायलाही लागले.

तेव्हा कर्फ्यू सिस्टर पुढे झाल्या. त्यांनी हनुवटी वर केली आणि जांभळ्या चादरीकडे बघून हाक मारली. "रेडिओ, सोड."

भिंत बोलली. सगळ्यांना ऐकू आलं. "सोडते सिस्टर, बाबांना म्हणावं डोकं सांभाळा."

आतून घरंगळण्याचा खडखडाट झाला. तो वरून खाली आला, चादरीमागचं पत्र्याचं दार धाडकन उघडलं आणि चादरींचं भलंमोठं गाठोडं बाबांच्या पाठीत बसलं. बाबा पुढे, चादर बाबांवर, टेबलफॅन बाजूला. सिस्टरांना दया आली होती म्हणून गाठोडं धुतलेल्या चादरींचं होतं. भिंतीत चौकोनी काळं भोक उघडं पडलं आणि त्यातून रेडिओ विचारत होती की लागलं तर नाही ना.

पुढचं फार काही नाही. बाबांनी चादरीतून डोकं बाहेर काढून सगळं कबूल केलं. ते कुणी सिद्धपुरुष नव्हते, मेव्हण्याच्या ऑपरेशनला सोबत म्हणून आले होते. भिंतीला टेकून झोपले असताना पत्र्यातून एका बाईचा आवाज ऐकू आला. मेव्हणा बरा होऊन घरी गेला, हे राहिले. "बाई फार स्पष्ट बोलतात," ते कर्फ्यू सिस्टरांकडे बघून म्हणाले. "बाकीच्यांचं रविवारी काही म्हणजे काही कळत नाही."

लोक आता बाबांच्या अंगावर धावून जाणार, एवढ्यात सिस्टरनी हात वर केला. कर्फ्यू लागला.

"त्यांना मारू नका," त्या म्हणाल्या. "त्यांनी ऐकलं, पण बोललो आम्ही. तुमच्या माणसांनी विश्वासानं सांगितलेलं आमच्या तोंडून गळलं, त्याची मी सगळ्यांची माफी मागते. पण तुम्हीही एवढं करा. कुणी चमत्कार दाखवला की हात जोडायच्या आधी विचारा, याला हे कळलं कसं? पुन्हा पुन्हा विचारा. उत्तर मिळेपर्यंत डॉक्टरांना सोडू नका आणि गोळ्या बंद करू नका. खरी गोष्ट असेल ती विचारल्यानं आटत नाही."

 मागून जावयांनी हळूच विचारलं की मग गॅसचा अर्ज मागे घ्यायचा का. तेवढ्या एका प्रश्नानं पुन्हा सगळं हसण्यात बुडालं.

मावशी हसल्या नाहीत. त्या खुर्चीत बसून भिंतीतल्या भोकाकडे बघत होत्या. लिफ्टमध्ये त्यांनी मान वळवली.

"सिस्टर, आता मी तुम्हाला काही सांगितलं, तर तुम्ही कुणाला सांगाल?"

 'कुणाला नाही' हे शब्द सिस्टरांच्या जिभेवर अगदी तयार होते, ते त्यांनी गिळले.

"पुढच्या पाळीच्या सिस्टरला. ऑपरेशन करणाऱ्या आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना. तेही तुमच्या उपचारापुरतं. बाकी कुणालाही नाही. तुमच्या मुलालाही तुम्ही म्हणाल तेव्हाच."

मावशींनी मान डोलावली. "हे पहिल्यांदाच सांगितलं असतंत ना, तरी मी सगळं सांगितलंच असतं." थोड्या वेळानं त्यांनी मुलाला सांगितलं की घरी न्यायची पिशवी परत रिकामी कर. भीती वाटते अजून, त्या म्हणाल्या, पण भीती वाटते म्हणून गाठ थांबणार नाही. आणि सिस्टर, हे भीतीचं सगळ्या डॉक्टरांना सांगा, अगदी खुशाल सांगा.

ऑपरेशन नीट पार पडलं. गवंड्यानं घसरगुंडीचं तोंड दोन्ही बाजूंनी विटा लावून बुजवून टाकलं. कपड्यांच्या खोलीत आता कर्फ्यू सिस्टर कुजबुजून रिपोर्ट द्यायला शिकत होत्या. त्यांची कुजबुज म्हणजे इतरांचं साधं बोलणं, पण प्रयत्न प्रामाणिक होता. नव्या पेशंटला त्या पहिल्याच दिवशी सांगत, तुमचं काय कुणाला सांगू आणि काय नाही. थोरले दुरुस्त होऊन मुकाट काम करत होते. दारापाशी आलेली स्टुलं मात्र परत न्यायला कुणी आलं नाही.

राहिला होता तो मावशींचा गॅस. मावशींना पाणीही बंद होतं. सिस्टर येता-जाता वाकून त्यांच्या कानाशी विचारत, झाला का, आणि मावशी खिन्नपणे मान हलवत. अख्खा वॉर्ड श्वास रोखून होता, पण विचारण्याची कुणाची टाप नव्हती.

मग एका दुपारी, भेटीची घंटा होऊन नातेवाईक आत शिरत होते तेवढ्यात, मावशी कॉटवर उठून बसल्या. चेहरा असा, जणू भट्टीतून पहिला घाणा निघालाय.

"ऐका हो सगळे," त्यांनी वॉर्डभर हाक दिली. "गॅस पास झाला."

मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. जावयांचे हात आपोआप जोडले गेले, मग त्यांनी ते खाली घेतले. कर्फ्यू सिस्टर लगबगीनं कॉटपाशी आल्या आणि सवयीनं ओठांवर बोट ठेवलं. मावशी, जरा हळू, त्या म्हणाल्या, सगळे ऐकताहेत.

"ऐकू देत की," मावशी म्हणाल्या. "पोट माझं, बातमी माझी. तुम्ही सांगायची नाही, मी सांगणार. आणि आता चहा आणा."

सिस्टरांनी तोंडावर रुमाल धरून पाहिला, पण उपयोग झाला नाही. त्या अशा हसल्या की घसरगुंडी बुजवलेली असूनही ते हसू खालच्या हॉलपर्यंत ऐकू गेलं.